फहीम रिझ्कची शेतकरीण

परदेशातल्या वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या आमच्या लॅबमध्ये कैरोहून एक पेटी आली. आत प्लास्टरची बाई होती, डोक्यावर घागर, एका हाताने डोक्यावरचं वस्त्र सावरणारी. इजिप्तच्या आधुनिक शिल्पकलेचा पाया घालणाऱ्या फहीम रिझ्कचं हे काम. नाईलकाठच्या चिखलाची बाहुली करणारा पोरगा पॅरिसला शिकला आणि परत येऊन म्हणाला, देशाचा चेहरा राजाचा नसतो, शेतकरणीचा असतो. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. चाळिशीतच गेला. आता त्याच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. त्याच्यासमोर दिवसच्या दिवस उभ्या राहिलेल्या बाईबद्दल त्यांत एकच ओळ सापडते: गावातली एक शेतकरीण, नंतर दिसली नाही. ती वाचून माझं डोकं फिरलं. राग रिझ्कवर होता की माझ्या कामावर बिनदिक्कत स्वतःचं नाव लावणाऱ्या आमच्या लॅबप्रमुख पद्मनाभ सरांवर, कोण जाणे.

माझं काम सरळ होतं. मूर्तीचं थ्रीडी स्कॅन करायचं, प्रदर्शनासाठी हुबेहूब मॉडेल द्यायचं. ते मान्य झालं की माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याचं, बघू, असं सर म्हणाले होते. नाहीतर वुडलँड्सचा फ्लॅट सोडायचा, माझ्या लेकीची, जाईची, शाळा मध्येच तोडायची आणि पुण्याला परत. जाईला मराठी धड वाचताही येत नाही.

मूर्ती आतून पोकळ, तळाला हात जाईल एवढं भोक. ग्लव्ह्ज घातल्याशिवाय मी तिला कधीच हात लावला नाही. भोकातून कॅमेरा आत सोडला, तर आत बोटांचे ठसे दिसले. साच्यात प्लास्टर दाबताना ते उमटतातच.

"खुद्द रिझ्कची बोटं. पोस्टरवर हेच घालू या," सर खूश झाले.

"बारीक आहेत, सर. बाईची वाटतात."

"असेल कोणी मदतनीस."

मी ठसे मोठे करून पाहिले. पण ओल्या प्लास्टरवर नुसता दाब उमटतो. इथे ओरखडे होते, प्लास्टर सुकल्यानंतरचे.

पडताळणीसाठी दुसरं स्कॅन केलं. बाहेरची बाजू तंतोतंत जुळली. आतले ओरखडे मात्र खाली सरकले होते. कॅमेरा बदलून पुन्हा केलं. ते आणखी खाली आले होते, भोकाच्या कडेपर्यंत.

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि खुर्ची मागे घेतली.

"अगं, आतलं कोण बघतंय? भोक बुजवून टाक. बंद मॉडेलच मान्य होतं. तुला इथे राहायचंय ना?"

राहायचं होतं. भोक बुजवायला एक क्लिक पुरतं. मी केलं. स्क्रीनवर कडा हळूहळू मिटत गेल्या. श्वास कोंडल्यासारखा झाला म्हणून मी एसीकडे पाहिलं. तो चालू होता.

मूर्ती पेटीत बसून परत गेली. प्रदर्शन गाजलं. भाषणांत रिझ्कचं नाव होतं, सरांचं होतं.

पास मंजूर झाला. कार्डासाठी ठसे द्यायला एका सकाळी मी जाईला घेऊन गेले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटत होतं.

यंत्राने अंगठा घेतला नाही.

"ड्राय स्किन, मॅम? ट्राय अगेन लाह," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

दुसरं बोट घेतलं नाही. तिसरंही नाही. दहाही बोटं झाली.

तिने टिश्यू पुढे केला. "यू डूइंग रिनोव्हेशन, इज इट?"

मी बोटं पुसली. टिश्यूवर पांढरी भुकटी आली. दुसरा घेतला, त्यावरही आली.

"आई, युअर नेल्स," जाई हळूच म्हणाली.

सगळी नखं झिजून मांसाला टेकली होती, आणि त्यांच्याखाली प्लास्टर ठासून भरलं होतं.