मूठ

चित्र कुणी जुळवलं होतं? मी साहेबांना विचारलं, मुकादमाला विचारलं. साहेबांनी मुकादमाकडे बोट केलं, मुकादमाने साहेबांकडे.

आमच्या खोदकामावर टॅब जमिनीकडे धरला की पडद्यावर खालचं सगळं चित्रात दिसतं. पाण्याची लाइन निळी, विजेची केबल लाल. आधी चित्रातलं गटाराचं झाकण रस्त्यावरच्या झाकणावर नेमकं बसवायचं. पण रस्ता रुंद करताना ते झाकण दोन हात बाजूला बांधलेलं, हे मला नंतर कळलं. चित्र तिथे बसवलं, म्हणून खालचं सगळंच सरकलं. मोकळं दिसलं तिथे दादाने पहार मारली. केबल जिवंत होती. दादा जागीच गेला.

ऑफिसात लिहिलं, ‘कामगाराने खूण सोडून खणले.’

वहिनी मला एकदाच म्हणाली, “खरं सांग भाऊजी, त्यांचीच चूक होती का?”

मग दादाच्या जागी मला घेतलं. उपकार केल्यासारखं.

त्या दुपारी खड्डा पुढे न्यायचा होता. टॅब माझ्या हातात. ऑपरेटर खोदायच्या मशीनवरून ओरडला, “काय रे, पिक्चर बघतोयस का? मोकळं आहे ना?”

लाल रेघ बाजूला होती. पडद्यावर समोर मात्र मातीच्या रंगाचं काहीतरी आडवं पडलेलं. माणसाएवढं. एक हात पुढे केलेला.

“साहेब, हे काय आहे?”

“कचरा आहे. पूस.”

मी पुसलं. ते परत आलं. जळक्या रबराचा वास आला... तोच, जो दादाच्या कपड्यांना होता.

“दादा...?”

पुढे केलेला हात हळूहळू वर आला. बोटं मिटली.

मशीन थांबवायला दादा कधी ओरडायचा नाही. नुसती मूठ वर करायचा.

मी टॅब टाकून बकेटपुढे उडी मारली.

“मरायचंय का!” ऑपरेटर किंचाळला. साहेबांनी आईवरून शिवी दिली. मी ऐकलं नाही. पहारही घेतली नाही, हातांनीच माती उकरत सुटलो. थोडं खाली केबल लागली. साहेबांनी मीटर लावून बघितलं. जिवंत.

साहेबांचं तोंड उतरलं. टॅब उचलून त्यांनी बोटाने चित्र दोन हात सरकवलं. किती सोपं होतं ते! निळं सरकलं, लाल सरकलं. लाल रेघ आडव्या आकृतीखाली जाऊन बसली. आकृती तेवढी जागची हलली नाही. ती चित्रातली नव्हतीच.

“म्हणजे दादाची चूक नव्हती. ऑफिसात तसं लिहा साहेब.”

“झालं ते झालं. चित्र आता बरोबर आहे ना? खोदायला घे.”

सगळे चहाला गेले. ऑपरेटर मशीन बंद करून उतरला. मी टॅब धरून तिथेच उभा राहिलो.

“बंद केलं रे मशीन. दादा... खाली कर हात.”

मूठ तशीच वर होती.

मी मशीनवर चढलो, चावी काढली. पहारीने गटाराचं झाकण सरकवलं. खाली काळं पाणी चमकत होतं. हात लांब करून मी चावी सोडली.

पाणी हललंसुद्धा नाही. खालून कुणी अलगद झेलावी, तशी ती गेली.

मी झाकण परत लावलं आणि त्यावर बसून राहिलो.