एक किलो जास्त

बाबांना डायलिसिसला न्यायचं म्हटलं की धाकटीच्या जिवावर यायचं. डायलिसिसमुळे नव्हे, बाबांमुळे.

त्या दुपारीही दारातच जुंपली.

"सकाळी बीपीची गोळी घेतलीत?"

"घेतली असेल."

"सिस्टरनं कितीदा सांगितलंय, डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी नको. तिथं बीपी पडतं."

"कॉलेज सोडलंस ते डॉक्टर व्हायला वाटतं?"

धाकटीनं ओठ चावला. कॉलेज तिनं ह्यांच्यासाठीच सोडलं होतं. थोरला परगावी बसून फोनवर काळजी करायचा. फोनवर काळजी करायला काय लागतं? तिनं गोळ्यांचं पाकीट पाहिलं. गोळी जागच्या जागी होती. म्हातारा नुसता छळत होता.

बाबांचं किराणा दुकान होतं. मापात पाप हा त्यांचा खरा धंदा. साखर, डाळ ह्या नुसत्या सबबी. म्हातारपणी मूत्रपिंडांनी दगा दिला, आणि जन्मभर दुसऱ्याला कमी देणाऱ्या माणसाला पाणी मोजून मिळायला लागलं. तर तिथंही चोरी. घागरीवर झाकण वाजलं की धाकटी झोपेतून उठायची.

दवाखान्यातली ती खोली लांबट होती. एसीचा गारठा, जंतुनाशकाचा वास, यंत्रांची एकसुरी घरघर. पलंगावर आडवं होईपर्यंत बाबा अंगातला जाड कोट काढायचे नाहीत. "थंडी वाजते," म्हणायचे, आणि कोटासकट काट्यावर उभे राहायचे. कोटाचं म्हणून सिस्टर ठरलेलं वजा करायची. काट्यावर जितकं वजन जास्त, तितकं अंगातलं पाणी यंत्र ओढून घेणार, हा तिथला साधा हिशेब.

बाबांच्या शेजारचा, खिडकीजवळचा पलंग रिकामा असायचा. तो मास्तरांचा. शाळा सुटून जमाना झाला तरी मास्तरांची शिकवायची खोड गेली नव्हती. बर्फ गालात कसा लपवायचा, सिस्टरला कसं गंडवायचं, सगळ्या पेशंटांना फुकट शिकवणी. महिन्यापूर्वी त्याच पलंगावर यंत्र चालू असताना त्यांच्या पोटऱ्यांत पेटके आले, बीपी कोसळलं आणि माणूस गेला. तेव्हापासून तिथं कोणाला झोपवत नव्हते. यंत्र बिघडलंय, असं सांगायचे. यंत्र तर चांगलं चकचकीत दिसत होतं.

"ह्यांच्या तोंडाकडे लक्ष ठेव," सिस्टर नळ्या जोडून म्हणाली. "बीपी पडायच्या आधी माणूस जांभया देतो. एक जरी आली तरी मला हाक मार."

धाकटी बाबांच्या तोंडाकडे बघत बसली. बाबा डोळे मिटून पडले होते. ऊन खिडकीतून पलीकडच्या रिकाम्या पलंगावर पडलं होतं.

आणि जांभई आली.

लांबलचक, जबडा निखळेल अशी, शेवटी 'आऽऽह' करून सोडलेली. बाबांचं तोंड मिटलेलंच होतं. धाकटीनं मान वळवली. रिकाम्या पलंगावरची चादर ताठ, एक सुरकुती नाही.

पुन्हा आली. तिथूनच. ह्या वेळी तिच्या गालाला ऊबही लागली... शिळ्या तोंडाची.

"सिस्टर..." ती खुर्चीतून अर्धवट उठली.

तेवढ्यात बाबा ओरडले. पोटरीत दगडासारखा गोळा आला होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घाम. सिस्टर धावली, तिनं पलंगाचं डोकं खाली केलं, पाय वर घेतले, सलाईन सोडलं, पाणी ओढणं बंद केलं. "पंजा दाब! बोटं नडगीकडे! जोरात!" धाकटीनं सगळा जीव लावून पंजा दाबला. बऱ्याच वेळानं तो गोळा तिच्या हाताखाली विरघळला.

"ठरल्यापेक्षा थेंबभर जास्त ओढलं नाही मी," सिस्टर पुटपुटली. "मग हे इतके कोरडे पडले कसे?"

बाबा कुडकुडत होते. धाकटीनं उशाशी ठेवलेला कोट त्यांच्या अंगावर घालायला उचलला. कोट जड लागला. आतल्या खिशात तिनं हात घातला.

दुकानातलं किलोचं लोखंडी वजन!

"हे काय आहे?"

बाबा छताकडे बघत राहिले. "काट्यावर जास्त भरलं की जास्त काढतात. मग संध्याकाळी थोडं मोकळेपणानं पिता येतं. परत जाताना पण खिशात ठेवायचं, म्हणजे कळत नाही."

"आणि नसलेलं पाणी ओढलं की माणूस मरतो, ते? जन्मभर लोकांना कमी तोललंत, आता स्वतःला जास्त तोलताय? माझं कॉलेज गेलं, माझी वर्षं गेली, ती ह्या लोखंडासाठी?" सगळी खोली ऐकत होती. ऐकू दे. "कुणी शिकवलं हे?"

"मास्तरांनी."

"कधी?"

बाबा नखानं हातावरची चिकटपट्टी खरवडत राहिले.

"कधी, बाबा?"

"परवा. मागच्या पाळीला... तिथूनच सांगत होते." त्यांनी खिडकीकडे हनुवटी केली.

मेला तरी माणसाची शिकवणी बंद झाली नव्हती.

धाकटीनं ते वजन वाटेतल्या नाल्यात फेकलं. पुढच्या पाळीला कोट घरी ठेवला. घागर तिच्या उशाशी होती. मोजलेल्या पाण्याखेरीज बाबांनी घोटभर घेतलं नव्हतं, ह्याबद्दल तिची खात्री होती. दवाखान्यात तिनं त्यांचे खिसे उलटे केले, चपला काढायला लावल्या. सिस्टरनं स्वतः अंग चाचपलं.

बाबा काट्यावर चढले.

"पुन्हा किलोभर जास्त?" सिस्टर भडकली. "ढोसलंत ना पाणी?"

"सूज नाही, धाप नाही," धाकटी म्हणाली. "बघा ना पाय. बाबा, उतरा खाली."

बाबा उतरले. काट्यावर आता कोणी नव्हतं. आकडा शून्यावर गेला नाही. एकावर थांबला.

"हात्तिच्या, काटाच बिघडलाय," सिस्टर हसली. बटण दाबून तिनं आकडा शून्यावर आणला आणि बाबांना पुन्हा चढवलं. आता बरोबर भरलं. "चला आजोबा. आज सावकाश ओढते, यंत्रातलं पाणीही जरा गार ठेवते. पेटके यायचे नाहीत."

धाकटीच्या छातीवरचं ओझं उतरलं. बाबा पलंगावर आडवे झाले. ती त्यांच्या चपला उचलायला काट्यापाशी परत आली. आकडा शून्य होता. ती वाकली, तोच काट्याची पाटी खट् करून वर आली, कोणी उतरावं तशी.

आकडा पडला. उणे एक.

तिच्या मागून, पलंगांच्या बाजूनं जांभई आली. लांबलचक, शेवटी 'आऽऽह' करून सोडलेली.

"मास्तर! सोडा त्यांना!" धाकटी चप्पल उगारून वळली. पण मारायची कोणाला?

बाबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळे तिच्यावर खिळलेले. आणि ते हळूहळू पलंगाच्या कडेला सरकत होते... शेजारी कोणाला तरी जागा करून देत.