शिशाचे पत्रे

आल्टनफेल्सच्या गडावर पहाट झाली, तेव्हा नदीवर धुके इतके दाट होते की पलीकडची शत्रूची छावणी दिसत नव्हती; फक्त घोड्यांचे खिंकाळणे ऐकू येत होते. वेढ्याचा पाचवा महिना होता. तटाला लागून असलेल्या हार्टविगांच्या छापखान्यात ओटिलीबाई एकट्याच होत्या. तापाच्या साथीने नवरा मथियास, मुलगी आणि म्हातारा कारागीर, तिघांनाही नेले होते.

या घरात चर्चमधली भक्तिगीते छापली जात. शिशाच्या पत्र्यावर एकेक स्वरचिन्ह उलटे ठोकायचे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटे. पहिला कागद निघाला की त्यावरच्या चार ओळींच्या चार पट्ट्या कापून घरातले चौघे एकाच वेळी आपापली ओळ गात. दुसऱ्याची पट्टी पाहायची नाही, असा दंडक होता, कारण मग चूक कानाला कळत नाही. गाऊन झाले की पट्ट्या आणि हस्तलिखित चुलीत जात. कागद जळतो, शिसे टिकते, असे मथियास म्हणत. त्यांच्या बारा वर्षांच्या श्रमाचा, अजून छापून न झालेला गीतसंग्रह आता फक्त पत्र्यांवर उरला होता.

आणि गडावर गोळ्या संपत आल्या होत्या. कागद आधीच काडतुसांसाठी गेला होता. आता घरोघरचे शिसे जमा करण्याचे फर्मान सुटले होते.

ते घेऊन किल्लेदारांचा नायब फाल्क स्वतः आला. त्याने पत्र्यांवरून बोट फिरवले आणि आवाज खाली आणला. कागद भिजवायला पाणी लागे, म्हणून छापखान्यातून नदीवर उतरणारे एक दार होते.

"बाईसाहेब, उद्या पहाटे ते दार नुसते लोटून ठेवा. पलीकडचे सेनापती आपल्या पत्र्यांना हात लावणार नाहीत, हा माझा शब्द."

ओटिलीबाईंनी विचार करायला दुपारपर्यंतचा वेळ मागितला. तो जाताच त्यांनी पत्रे हातगाडीवर रचले, गाडी स्वतः ओढत गडाचा चढ चढल्या आणि किल्लेदारांना सारे सांगितले. फाल्कला तिथेच बेड्या पडल्या.

किल्लेदारांनी वरचा पत्रा उचलून पुढे केला. "हा एक तरी ठेवावा, बाईसाहेब."

"एक ठेवला, तर बाकीचे देववणार नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या पहाटे शत्रू त्या दाराशी आला आणि त्याच शिशाच्या गोळ्यांनी मागे हटला. महिन्याभरात वेढा उठला.

गावात पुन्हा कागद आला, तेव्हा ओटिलीबाई आठवेल तसे लिहायला बसल्या. चार ओळींपैकी दुसरी भरली. ती त्यांची होती. बाकीच्या तीन त्यांनी कधी वाचल्याच नव्हत्या. त्या रेघा कोऱ्या राहिल्या.

रविवारी त्या चर्चमध्ये उभ्या राहून आपली ओळ गायल्या. ती ओळ एकटी ऐकली तर गाणे वाटत नाही. दोन-तीन स्वरांतच घुटमळते, आणि इतरांनी गायची जागा आली की थांबते. ओटिलीबाई तिथे थांबत, नेमक्या तितकाच वेळ, आणि मग पुढे गात.