खालच्या आळीतली रिकामी जागा

नांदवेळ नगरपालिकेच्या कलादालनात, तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात, कृत्तिका परुळेकर गुडघ्यांवर बसली होती. समोरच्या बारा फुटी ताटात मातीचे नांदवेळ शहर पसरले होते. प्रत्येक आळीची माती त्या त्या आळीतूनच आणलेली, उकडून निर्जंतुक केलेली. तिच्यावर एक पिवळी, जाळीदार रांगबुरशी सरकत होती. कृत्तिका अशा कलाकृतीला ‘सजीवपट’ म्हणे. दालनातले शिपाई तिला सरळ ‘पिवळी घाण’ म्हणत.

“सगळं शहर व्यापलं हिने. फक्त खालच्या आळीत शिरत नाहीये,” ती म्हणाली.

जीवशास्त्रज्ञ डॉ. नचिकेत खांबेटे वाकले. खालच्या आळीत तिला खाद्य म्हणून ठेवलेले ओटचे दाणे जसेच्या तसे होते. बुरशी आळीच्या तोंडाशी येऊन मुरडली होती.

“हिला मेंदू नाही, पण दोन गोष्टी कळतात,” ते म्हणाले. “अन्न दिसलं की पुढे, मीठ लागलं की मागे.”

सगळा खेळ त्यावरच होता. समुद्राचे पाणी सन २१००मध्ये येणार, तेव्हा खालच्या आळीच्या बांधाचे पुढची पिढी बघेल, असा शेरा मारून मुख्याधिकाऱ्यांनी फाइल बाजूला ठेवली होती. उद्या उद्घाटनाला तेच येणार होते. त्यांच्यासमोर कृत्तिका किनाऱ्याकडून खारे पाणी फवारणार, बुरशी माघार घेणार आणि आळी डोळ्यांदेखत ओस पडणार. साहेब हलले तर बांध होईल, एरवी नाही.

“आधीच रिकामी असलेली आळी ओस पडताना दाखवू कशी?” कृत्तिकाला रडू यायचे तेवढे बाकी होते.

चहा घेऊन आलेल्या द्वारकाबाई घरत दाराशीच थबकल्या. दालनाची झाडलोट त्यांच्याकडे होती, आणि घर खालच्या आळीत.

“काल मी दृष्ट काढली याची,” त्या चाचरत म्हणाल्या. “एवढं देखणं झालंय, लोकांची नजर लागंल म्हणून.”

“कशाने?” डॉक्टरांनी विचारले.

“मीठ-मोहऱ्यांनी. आनि कशानं?”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “अहो बाई, मिठाला घाबरणाऱ्या जिवावरून मीठ ओवाळलंत!”

“मूठ गच्च आवळलेली व्हती डॉक्टर. एक कण नाय सांडला. सगळं मागच्या चुलीत टाकलं.”

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. ते चिडले होते, पण माणूस प्रयोगाचा. प्रत्येक आळीची उरलेली माती त्यांनी बरण्यांत सील करून कपाटात ठेवली होती. रिकाम्या जागेतली माती खरवडून त्यांनी डावीकडे बाजारपेठेची भरली, उजवीकडे खालच्या आळीची. दोन्हीकडे ताजे दाणे ठेवले.

“मीठ बाईंचं असेल, तर आता दोन्ही बाजू भरतील,” ते म्हणाले.

दुपारपर्यंत बुरशीचे पिवळे बोट बाजारपेठेच्या मातीत शिरले, दाण्यावर चढले. मग उजवीकडे वळले, सीमेवर अडखळले आणि मागे फिरले.

बरणीचे सील डॉक्टरांनी मघाशी स्वतः फोडले होते. त्यांनी चिमूटभर माती पाण्यात कालवून क्षारमापक बुडवला. आकडा पाहून त्यांनी मापक पुसून पुन्हा बुडवला.

“ही माती कुठून आणली होतीत?” त्यांनी कृत्तिकाला विचारले.

“माझ्याच परसातली. लिंबाच्या बुडाची, विहिरीजवळची.” उत्तर देता देता द्वारकाबाईच खाली बसल्या. “औंदा लिंबानं फूल धरलं नाय. पानी बी मचूळ लागतंय. मी म्हटलं, वय झालं, तोंडाची चव गेली.”

“चव शाबूत आहे तुमची,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. “समुद्र जमिनीखालून आलाय. वरून दिसला नाही, म्हणून आपण तो पुढच्या शतकात ढकलला. चुकलो मी, बाई.”

कृत्तिकाने फवारणीचा डबा उचलून कोपऱ्यात ठेवला. मग ताटाच्या कडेची ‘नांदवेळ, सन २१००’ ही पाटी काढली आणि २१०० खोडून चालू साल लिहिले.

“साहेब म्हणतील, बुरशीला काय कळतं,” डॉक्टर पुटपुटले.

द्वारकाबाई उठल्या. गार झालेल्या चहाचे कप त्यांनी गोळा केले.

“म्हनू देत. उद्या साहेबांना पानी मीच देनार हाय ना,” त्या म्हणाल्या. “घरनं कळशी भरून आनते.”