टेकलं की ढकललं

“टेकलं ते टेकलं, पुसून जातं…
ढकललं ते ढकललं, उरून राहतं!”

बाबांचा हा आवाज लहानपणी तिच्या कानात शिरला तो तिथेच घर करून राहिला. बाबा गो-कार्टच्या शर्यतींच्या मैदानावर चौथ्या वळणाचे झेंडेवाले. शाळा सुटली की ती दप्तरासकट टायरच्या भिंतीमागे येऊन उभी राहायची. समोरून त्या बुटक्या, बिनछपराच्या गाड्या जमिनीला पोट घासत, गांधीलमाश्यांसारख्या घोंगावत जायच्या. शर्यत म्हटली की अंगाला अंग लागणारच. मागच्या गाडीचं प्लॅस्टिकचं नाक पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरपट्टीला टेकलं, चाक चाकाला चाटून गेलं, तर पंच काही बोलत नसत. पण पुढच्याची वाट मोडेल असं रेटलं, तर तो गुन्हा. या दोहोंमधलं अंतर पापणी लवेल एवढंच. तेवढं बघायला बाबा डोळ्यांत तेल घालून उभे असायचे.

“डोळ्यांनी बघायचं, पोरी,” ते म्हणायचे. “मनाने नाही. मन भारी लबाड. त्याला हवं तेच त्याला दिसतं.”

बाबा गेले. झेंडे तिच्या हातात आले. तिच्या नजरेवरून मैदानातली माणसं तिला ‘घार’ म्हणू लागली, आणि घारीने पाहिलं म्हटल्यावर पंचही दुसऱ्यांदा विचारत नसत.

अशा त्या घारीच्या वळणावर एका सकाळी लाल हेल्मेटवाला एकजण भिंगरीसारखा गरगरत आला आणि गवतात तोंड खुपसून थांबला. सरावाची फेरी होती. तिने सावधानतेचा पिवळा झेंडा हलवला, मागच्या सगळ्यांना निघून जाऊ दिलं, मग ओरडली, “लागलं का?”

“अभिमानाला. फार खोल.”

“मग त्याला घेऊन भिंतीमागे या. हेल्मेट काढायचं नाही. सेशन संपेपर्यंत इथून हलायचं नाही.”

“तुमच्या शेजारी?”

“नियम आहे.”

“ज्याने केला त्याचं देव भलं करो!”

तिने मान वळवली नाही. तो शेजारी उभा… तापलेल्या रबराचा आणि पेट्रोलचा वास अंगावर घेऊन. ती वळणाकडे बघत राहिली.

“बोलताना माणसाकडे बघतात हो.”

“झेंडेवाले बघत नाहीत.”

“मग मी कसा दिसतो हे तुम्हाला कळणार कसं?”

“वळणात कसे दिसता ते बघितलं की. पुरे झालं तेवढं.”

तो हसला. हेल्मेटच्या आतलं हसू — खोल हंड्यात खडा पडावा तसं वाजलं. तिच्या हातातला झेंडा उगाचच थोडा हलला. वारा नव्हता.

पुढच्या सरावाला त्याची गाडी नेमकी चौथ्या वळणावर बंद पडली.

“आज काय झालं?”

“साखळी.”

त्याच्या पुढच्या सरावाला पुन्हा. “आज?”

“साखळीच की! फार नाजूक जात असते ती…”

तिसऱ्यांदा त्याचे काका स्वतः तरातरा चालत आले. काकांचं गॅरेज होतं. आईबाप नसलेल्या पोराला त्यांनीच वाढवलेलं, त्याची गाडीही त्यांनीच उभी केलेली. त्यांनी वाकून साखळीवरून बोट फिरवलं, पुतण्याकडे पाहिलं, झेंडेवालीकडे पाहिलं.

“साखळी नवी कोरी आहे रे. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी!”

त्या दिवसापासून सगळ्या मैदानाने त्याचं नाव ‘साखळी’ ठेवलं. तो खुशाल त्या नावाला ओ द्यायचा. आणि भिंतीमागे, दोन गाड्यांच्या मधल्या एवढ्याशा शांततेत, त्यांचं बोलणं वाढत गेलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“एकदा तरी बघ ना माझ्याकडे.”

“डोळे वळणावर ठेवायचे असतात.”

“बरं, बघू नकोस. नुसतं सांग… आवडतो का मी?”

“सेशन संपल्यावर सांगीन.”

सेशन संपायचं. त्याला गाडी घेऊन जावं लागायचं. ती झेंडे गुंडाळत बसायची — ओठांवर आलेलं तसंच गिळून. वाटायचं, घाई कसली? वळण कुठे पळून जातंय? फक्त एकदा, शेवटची गाडी पुढे गेल्यावर, तिने हळूच मान वळवली होती. त्याने हेल्मेटची काच वर केलेली. भुवयांवर घाम, आणि डोळे… पापणी लवेपर्यंतच पाहिलं तिने. पण बाबांनी शिकवलंच होतं तसं. तेवढ्यात सगळं दिसलं.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला मैदान माणसांनी फुललं होतं. जो जिंकेल त्याला मोठ्या संघात जागा मिळणार, ही गोष्ट काकांनी इतक्यांदा सांगितली होती की गॅरेजच्या भिंतींनाही पाठ झाली असेल. शेवटची फेरी. पुढे निळ्या हेल्मेटचा अबोल मुलगा, त्याच्या मागे साखळी, अगदी चिकटून.

ऊन तिच्या पाठीवर होतं. समोर सगळं लख्ख.

दोघे वळणावर आले. ब्रेक लागले. लाल गाडीचं नाक निळ्याच्या पट्टीला टेकलं… हे चालतं. टेकलं ते पुसून जातं. आता साखळी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलेल, वळणात पुढच्याला श्वास घेऊ देईल… उचल रे… उचल…

त्याने पाय उचलला नाही. नाक तसंच टेकवून, दातओठ न खाता, जोरात न ठोकता, दार लोटावं तसं त्याने निळ्याला लोटलं. निळा आडवा झाला आणि टायरच्या भिंतीवर आदळला. लाल गाडी मोकळ्या वाटेने पुढे गेली.

पिवळा झेंडा वर गेला. दुसऱ्या हातातल्या वॉकीटॉकीवर ती बोलून गेली, “चौथं वळण. लाल गाडीने निळ्याला ढकललं.” जिभेने काय केलं ते काळजाला नंतर कळलं.

पंचांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. निळ्याचं मनगट गळ्यात बांधलेलं. “मला मागचं काय दिसणार?” एवढंच तो म्हणाला. कॅमेऱ्यात नेमका टायरचा ढीग आडवा आलेला. उरलं गाडीचं नाक. जोरात ठोकलं की ते चापातून सुटून मागे सरकतं. तशी ते बसवण्याची पद्धतच आहे. मुख्य पंचांनी हात लावून पाहिलं. नाक जागच्या जागी.

“साहेब, ठोकलं की सुटतं,” ती म्हणाली. “हळू दाबून रेटलं तर नाही सुटत.”

पंचांनी साखळीकडे पाहिलं. “तू काय म्हणतोस?”

दाराशी काका उभे होते. साखळी हातातल्या हेल्मेटकडे बघत म्हणाला, “टेकलं होतं. फक्त… टेकलं.”

पंचांनी चष्मा काढला आणि जरा हळू, समजावणीच्या सुरात तिला म्हणाले, “हे बघ, तुमचं दोघांचं सगळ्या मैदानाला ठाऊक आहे. काही भांडणबिंडण झालंय का? रुसवे-फुगवे घरी ठेवावेत, पोरी. झेंड्याच्या काठीला बांधू नयेत.”

कोणीतरी हसलं. ती हसण्याच्या दिशेला बघत राहिली. उघड्या बाजारात कोणी पदर ओढावा तसं झालं तिला. ज्या प्रेमाचा तिने अजून उच्चारही केला नव्हता, तेच तिच्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं.

निकाल लागला : शर्यतीतली साधी धडक. चषक लाल हेल्मेटला.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी तिने त्याला गाठलं. “एकच सांग. मी चुकीचं बघितलं का?”

तो नळाकडे बघत उभा. नळ टपटपत होता.

“ऊन होतं ना ग…” तो म्हणाला. “डोळ्यांवर आलं असेल.”

ऊन पाठीवर होतं, हे तिच्या ओठांवर आलं. तिथेच राहिलं.

तिचं चौथं वळण गेलं. तिला वजनकाट्यावर बसवलं. शर्यत संपली की, ठरल्यापेक्षा हलकी नाही ना हे बघायला, एकेक गाडी चालकासकट काट्यावर यायची, आणि आकडा वाचून मोठ्याने सांगायचं हे तिचं काम. तिथून वळण दिसत नव्हतं. नुसतं घोंगावणं ऐकू यायचं, भिंतीपलीकडच्या लग्नासारखं.

दिवस उगवायचा, उगवल्यासारखा वाटायचा नाही. मावळायचा, तेवढा मात्र कळायचा. आई म्हणायची, “चष्मा लागला असेल बाई. तुझ्या मावशीला याच वयात लागला.” शेवटी ती डोळे तपासून आली. समोरच्या पाटीवरची अक्षरं तिने शेवटच्या बारक्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. “डोळे उत्तम आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर ती जी रडायला लागली, ती बाईंना थांबवता थांबेना.

डोळे चांगले होते. विश्वास गेला होता. दुधाचं पातेलं उतू जातंय की नाही, हे ती आईला विचारायची. रस्ता ओलांडताना शेजारच्या माणसाला विचारायची, “गाडी येतेय का हो?” आणि काट्यावर आकडा वाचण्याआधी कुणाला तरी हाक मारायची, “जरा बघता का? मला असं दिसतंय… बरोबर आहे ना?”

साखळीही काट्यावर यायचा. बोलायचा नाही. तीही नुसता आकडा सांगायची. मोठ्या संघाचं बोलावणं त्याला आलं होतं. समुद्रापलीकडे जायचं होतं. जाण्याआधीची ही इथली शेवटची शर्यत.

तीही तो जिंकला. गाडी काट्यावर आली, इंजिन थांबलं. मागे गाड्यांची रांग, बाजूला काका, आज कधी नव्हे ते इस्त्रीच्या शर्टात. मुख्य पंच हात मागे बांधून उभे. तिने आकडा पाहिला. ओठ हलले, पुन्हा मिटले. ती वाकली, पुन्हा पाहिलं. मग पंचांकडे वळली, “साहेब… एकदा बघता का? एकशे एकावन्न किलो… आहे ना?”

आकडा हातभर मोठा होता. ढगातूनही दिसला असता.

साखळीने ते पाहिलं. पापणी लवेपर्यंतच पाहिलं असेल, पण तेवढ्यात सगळं दिसलं. त्याने हेल्मेट काढलं.

“ढकललं होतं मी.”

“काय?” पंच म्हणाले.

“त्या दिवशी. निळ्याला. टेकलं नव्हतं, ढकललं होतं. हिने अगदी बरोबर बघितलं. ऊन हिच्या पाठीवर होतं.”

“गप! गप खाली उतर!” काका पुढे धावले. “येडा झालास का? विमानाचं तिकीट आलंय रे!”

“नाही जात, काका.”

“याचा अर्थ कळतो ना तुला?” पंच एक पाऊल पुढे आले. “चषक जाईल, लायसन्स जाईल. या गाडीत तू परत बसायचा नाहीस.”

“कळतो.”

काका तिथेच एका टायरवर बसले. ओरडले नाहीत. “माझ्या सगळ्या जिण्यावर बोळा फिरवलास,” एवढंच पुटपुटले, आणि इस्त्रीच्या बाहीने तोंड पुसत राहिले. रांगेतला निळा आपल्या मनगटाकडे बघत होता. ते आताशा पुरतं वळत नसे.

पंच तिच्याकडे वळले. “उद्यापासून… चौथं वळण,” ते म्हणाले आणि कागद आणायला खोलीकडे निघाले.

चौथं वळण. तिने ते डोळ्यांसमोर आणलं. टायरची भिंत, गवत, झेंडे… आणि शेजारची मोकळी जागा. तिथे आता कुणाची साखळी तुटणार नव्हती.

तो गाडीतून उतरून समोर उभा राहिला. हेल्मेट नसलेला सबंध चेहरा ती पहिल्यांदाच असा समोरासमोर, नीट बघत होती. बघायला आता भरपूर वेळ होता.

“मी गावी जातोय,” तो म्हणाला. “काकांसमोर राहता येणार नाही, आणि तुझ्यासमोर तर… माफ कर असं नाही म्हणत. उरून राहतं ते, मला माहीत आहे.” “सेशन संपलं ग. आता तरी सांग.”

तिने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर तेवढा वेळ तो दिसला नसता.

“आवडायचास,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी तू त्याला ढकलत होतास… तेव्हासुद्धा आवडत होतास. आणि ते आवडत असतानाच मी तुझं नाव सांगितलं.”