एक रेघ अलीकडे

एकतीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतेय, आणि त्यातली निम्मी वर्षं गिऱ्हाइकांची समजूत काढण्यात गेली. महागडं क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ मोजायची वेगळी बटणं असलेलं मनगटी घड्याळ घेतलेला माणूस त्यात खोड शोधतोच. काटा निघताना जरा दचकतो. मिनिटांची बारकी सुई क्षणभर रेंगाळते आणि मग उडी मारते. बटण एक दिवस मऊ लागतं, दुसऱ्या दिवशी कडक. मी भिंगातून बघते, आत सगळं ठीक असतं. “साहेब, याचा स्वभावच आहे. सवय करून घ्या,” असं सांगून मी घड्याळ परत देते. साहेब तोंड वाकडं करून जातात.

हा उपदेश मला स्वतःला मात्र कधी पचला नाही.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. लग्नाच्या फंदात आम्ही दोघंही पडलो नाही, त्यामुळे घर एकच. तो पोहण्याच्या तलावावर वेळ नोंदवणारा पंच होता, सव्वीस वर्षं. त्याचं क्रोनोग्राफ त्याच्या आधीच्या पंचांनी निवृत्त होताना त्याला दिलेलं. देखणं, जड, रोज चावी द्यावी लागणारं. त्याची खोड एकच. वरच्या बटणानं काटा सुरू व्हायचा, त्याच बटणानं थांबायचा. पण खालचं बटण दाबून मागे आणला की शून्यावर न जाता एक रेघ अलीकडे उभा राहायचा. जेमतेम एक रेघ. ती माझ्या डोक्यात जायची.

“असू दे गं, छोटे,” दादा म्हणायचा. “मी तेवढं धरून हिशोब करतो. बिचाऱ्याला जायचं नाही शून्यावर, तर का ढकलतेस?”

मार्चमध्ये त्यानं ते तेलपाण्यासाठी दिलं. दुकान तिसऱ्या मजल्यावर आहे, उत्तरेच्या खिडकीपाशी माझं टेबल. आमच्या कामातला पहिला धडा असा, की क्रोनोग्राफ हातात आलं की वरच्या बटणानं थांबवायचं, खालच्यानं काटा मागे आणायचा आणि मगच झाकणाला हात लावायचा. एकतीस वर्षांत हे अंगठ्याला पाठ झालंय. त्यात डोकं लागत नाही.

मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला जुन्या कारागिरांच्या खुणा होत्या. ही आमची रीत. ज्यानं उघडलं, त्यानं सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची, गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. इथे चार जणांच्या खुणा होत्या, चार वेगवेगळे हात. प्रत्येकानं तारखेखाली एक शून्य कोरलं होतं आणि त्यावर आडवी काट मारली होती.

मला वाटलं, यांना जमलं नाही म्हणून काट मारली असेल. खरं सांगते, मला जरा गंमतच वाटली. मी काटा उपसला आणि नेमका शून्यावर बसवला. दहा वेळा सोडून पाहिला, दहाही वेळा रेघेवर रेघ. मग माझी खूण कोरली, तारीख कोरली, आणि खाली शून्य काढलं. काट न मारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंडी उकडत होता. तो अंडीही घड्याळ लावूनच उकडतो, सात मिनिटं. मी पाणी उकळताना पाहिलं, वाफेनं खिडकी धुरकटलेली पाहिली. त्यानं गॅस बंद केला, घड्याळ थांबवलं, काटा मागे आणला. मी एक अंडं उचलून कडेवर आपटलं, तर पिवळा बलक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कच्चं. भांड्याला हात लावला, तर गार.

“अगं, थांब की जरा,” दादा म्हणाला. “अजून गॅस कुठे लावलाय?”

भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे गेलेलं होतं. खिडकीच्या काचेवर वाफेचा थेंब नव्हता.

माझी झोप झाली नसेल, असं म्हणून मी विषय सोडला. पण संध्याकाळी दादा फिरून आला. डॉक्टरांनी त्याला रोज वीस मिनिटं हळू चालायला सांगितलं होतं. दारात उभा राहून त्यानं घाम पुसला. बुटांना ओला चिखल होता, आणि मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यानं खालचं बटण दाबलं.

“चल, येतो फिरून,” तो म्हणाला.

बूट कोरडे होते. फरशीवरही काही नव्हतं. मी त्याचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवला. माझं डोकं दुखतंय, असं सांगितलं.

पुढचे दोन दिवस मी ते घड्याळ मागून घेऊन तपासलं. मी स्वतः सुरू केलं, थांबवलं, काटा मागे आणला. मोजलेल्या वेळात वहीत लिहिलेली ओळ वहीतच राहिली. काहीच घडलं नाही. दादानं सुरू केलं तरच घडायचं, मग मागे कुणीही आणो. मोजलेला वेळ जायचा, माणसं-वस्तू जिथल्या तिथे राहायच्या, पण त्यात केलेलं काही उरायचं नाही. आणि ते माझ्याशिवाय कुणाला आठवायचं नाही. हे मी आता इतक्या सरळ लिहितेय. तेव्हा मी तेच तेच वहीत पुन्हा पुन्हा मांडून पाहत होते.

चौघांनी शून्यावर काट का मारली, ते मला कळलं. मी काटा परत एक रेघ अलीकडे बसवणार होते. पण त्याच आठवड्यात दादाच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख आली. झडप निकामी होत चालली होती. “महिनाभर थांबलो तर मी खात्री देणार नाही,” सर्जन म्हणाले होते. धावपळीत घड्याळ त्याच्या मनगटावरच राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला आत नेताना नर्सनं ते काढून माझ्या हातात ठेवलं. वेळ मोजायचा काटा चालू होता.

“किती वेळ लावतात, बघू म्हणाले,” ती हसत म्हणाली. “बटण दाबूनच दिलं मला.”

साडेपाच तास मी बाकावर बसून तो काटा फिरताना पाहिला. ऑपरेशन उत्तम झालं. दादा शुद्धीवर आला तेव्हा मी रडले, आणि रडताना घड्याळाला चावी दिली.

ते बंद पडू द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं. काटा हलवायचा तर आधी यंत्र शून्यावर आणावं लागतं, म्हणजे दुरुस्तीचा रस्ताच बंद. थांबलं तर काय होईल, हे पाहायची माझी छाती नव्हती. दुकानातल्या वरच्या ड्रॉवरमध्ये, दादाच्या ऑपरेशनच्या नोंदी असलेल्या दवाखान्याच्या कार्डावर मी ते ठेवलं. रोज सकाळी आल्याबरोबर चावी. दादाला सांगितलं, एक सुटा भाग मागवलाय. बावीस दिवस ते चालत राहिलं.

तेविसाव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, दादा दुकानात आला. न सांगता, एकटा, तीन जिने चढून.

“एकदाही थांबलो नाही!” तो दारातूनच ओरडला. दोन वर्षांत मी त्याला प्रत्येक वळणावर थांबतानाच पाहिलं होतं. त्याच्या गालांवर रंग आला होता. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि छातीवरची गुलाबी शिवण दिसत होती. तो स्टुलावर बसला, माझ्या गिऱ्हाइकांच्या नकला करायला लागला. “बाई, माझा काटा दचकतो हो! त्याला कुणी घाबरवलं का?” मी पोट धरून हसत होते. इतकी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

हसता हसता त्यानं ड्रॉवर उघडला.

“अरे, हे चालूच आहे की अजून! बघ बघ, काय झालंय त्याला.”

त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं. मी त्याच्याकडे बघत होते. घड्याळाकडे नाही.

माझा अंगठा वरच्या बटणावर गेला. मग खाली.

दोन बारीक आवाज.

नकला थांबल्या.

मी मान वर करायला फार वेळ लावला. आधी त्याचा श्वास ऐकू आला, तो जुना, शिट्टीसारखा. तो टेबलाची कड धरून बसला होता. ओठ निळसर. शर्टाची दोन बटणं उघडीच होती.

आतली कातडी सपाट होती.

“तीन जिने म्हणजे जीव काढतात गं,” तो म्हणाला. “ऑपरेशनला निघायचंय ना आता दवाखान्यात? पिशवी भरलीस?”

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजचीच तारीख होती. बावीस दिवस कुठेही परत आले नव्हते. मी ड्रॉवरमधून कार्ड काढलं. वर त्याचं नाव होतं. खालचे सगळे रकाने कोरे होते.

मी फोन उचलला. सर्जनचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली.

दादानं माझ्या हातातून घड्याळ हळूच काढून घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याचा दमलेला चेहरा कौतुकानं फुलला.

“वा, छोटे,” तो म्हणाला. “अगदी शून्यावर आणलास की.”