बंद कारखान्यातली वेणी

“वेणी हलली! शप्पथ, हलली!” इंद्रायणीने खिडकीचे गज सोडले आणि सरळ खाली उभ्या असलेल्या बसूच्या पायावर उडी मारली.

“आई गं! पाय मोडला की माझा!”

“वाऱ्याने हलली असेल,” शाइस्ता म्हणाली.

“वारा कुठाय?”

खरंच, कुठे होता वारा? सोलापुरातली मे महिन्याची टळटळीत दुपार! भवानी पेठेत चिटपाखरू नव्हतं. आणि चादरींच्या त्या बंद कारखान्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात, यंत्रमागाच्या वर एक लांब काळी वेणी लोंबत होती. तिघांच्या डोळ्यांदेखत ती वर सरकली... थांबली... पुन्हा सरकली!

ती वेणी शाइस्ताच्या अम्मीची होती. कमरबीला कॅन्सर झाला, औषधांनी केस जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने वेणी आधीच कापून ठेवली. “केरात जाण्यापेक्षा कुणाच्या कामी येऊ दे,” ती म्हणाली. तिथूनच या तिघांची मोहीम सुरू झाली. पेठेतल्या बायका विंचरून निघालेलं गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवायच्या आणि केसवालीला देऊन भांडी घ्यायच्या. “भांडी पुरे झाली, आता केस आम्हाला द्या! ते विकून कॅन्सरच्या संशोधनाला मदत पाठवू,” असं मुलांनी दारोदार सांगितलं. रोजचं चिमूटभर गुंतवळ, पण बघता बघता पोतं भरलं! राखणदार शिवलिंगप्पाकाकांनी ते अम्मीच्या वेणीसकट या बंद कारखान्यात ठेवूनही घेतलं.

आणि मग घराघरांच्या उंबऱ्यावर केसांचे पुंजके सापडू लागले.

“करणी हाय ही!” नागव्वाआजीने बोटं मोडली. झालं! केस मिळायचे बंद झाले. बायका कमरबीच्या दारावरून जाताना तोंड फिरवू लागल्या. त्या दिवशी अम्मी जेवलीसुद्धा नाही.

“आत जाऊ नगा,” दाराशी बसलेल्या काकांनी आजही बजावलं. “आत बाई हाय. केस सोडून बसती!”

“असू दे. मी तिच्याकडून वेणी मागून आणीन!” शाइस्ताला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात तिची नजर काकांच्या माठावर गेली. गारव्यासाठी त्याला ओलं पोतं गुंडाळलं होतं, आणि पोत्यावर अम्मीने हिरव्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ! तिने बसूच्या कानात काहीतरी सांगितलं.

काकांनी तांब्या तोंडाला लावला, तसा बसू ओरडला, “काका, थांबा! ते करणीच्या केसांचं पोतं हाय की!”

फुर्रर्र! पाणी थेट बसूच्या सदऱ्यावर. “आरं, केस समदे आतच वतलं की मी! मोकळं पोतं आणलंय!” काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

“म्हणजे ती बाई...?”

“माठ गार व्हईना रं. तुमी वरडाल म्हणून बाईचं सांगितलं.” काकांनी मुकाट्याने किल्ली काढली.

दार करकरलं. जमिनीवर सगळीकडे केसच केस! फुटक्या तावदानातून रोज संध्याकाळी सुटणारा वारा तेच पेठभर उडवत होता. पण वर ती वेणी अजून सरकत होती! काका दारातच थिजले.

शाइस्ता यंत्रमागावर चढली. तुळईवरून दोन इवलेसे डोळे तिच्याकडे बघत होते.

“अगं, ही तर खार! वेणी घरट्यात ओढतेय!”

शाइस्ताने मूठभर गुंतवळ तिच्यापुढे ठेवलं आणि हळूच वेणी सोडवून घेतली. वेणीला अजून अम्मीच्या तेलाचा वास होता. ती छातीशी धरून शाइस्ता हमसून हमसून रडली.

काकांना घरोघर जाऊन सगळं कबूल करावं लागलं. “शेरास सव्वाशेर निघालीत पोरं!” म्हणून पेठेने मुलांची पाठ थोपटली. कमरबीने कानशिलावर बोटं मोडून तिघांची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नागव्वाआजी उभी. पदराखाली काहीतरी लपवलेलं. तिने कमरबीचा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि शाइस्तापुढे मूठ उघडली.

“पांढरं चालतंय का गं, पोरी?”

“चालतंय की, अव्वा!” शाइस्ताने पोतं पुढे केलं.